तो शॉक नव्हता

आमच्या सिडकोत नळाला पाणी यायचं म्हणजे आठवड्यातून एकदा, तेही कधी पहाटे तीनला. मागच्या वर्षी त्या पहाटे मी जागी असायचे. मोटारीचा आवाज ऐकू यायचा, उठायला हवं हे कळायचं, पण अंगावरची चादर बाजूला होत नसे. ड्रम हेच भरायचे. नैराश्यावरच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरत्या डोसमध्ये, महिनोन् महिने घेऊन झाल्या होत्या. झोप सुधारली, मन जागचं हललं नाही.

डॉक्टरांनी आरटीएमएस नावाचा उपचार सुचवला. मेंदूला मशीन लावणार एवढंच सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शॉकच की गं!" त्या एका शब्दापायी मी चार महिने घरात काढले. ते महिने वाया गेले याची मला फार खंत आहे.

शॉकची भीती आपल्याला सिनेमांनी घातली आहे. शॉक म्हणजे ईसीटी, ती 1938 साली रोममध्ये सुरू झाली. आज ती भूल देऊन करतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय ती द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे. अगदी खोल नैराश्यात ती माणसाचा जीव वाचवते. मला सुचवलेला उपचार मात्र वेगळा, चुंबकाचा होता. 1985 साली इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी असं यंत्र करून दाखवलं. 2008 मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला परवानगी मिळाली. चुंबकाचे ठोके कवटीतून आत जातात आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा वीजप्रवाह तयार होतो. भूल नाही, ॲडमिट होणं नाही.

शेवटी मी गेले. तिथे आधी विचारलं, कधी फिट आली होती का, पेसमेकर आहे का, डोक्यात कुठे धातू बसवलाय का. कानातले, क्लिपा काढून ठेवल्या. इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवली. टक्! आणि मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा उडाला. मी तो हलवला नव्हता. किती ताकदीचा ठोका द्यायचा, हे त्या अंगठ्यावरून ठरवतात. मी मात्र त्याच्याकडे बघतच राहिले. कितीतरी दिवसांनी माझ्यातलं काहीतरी हललं होतं.

मग कॉइल कपाळाकडे सरकली. चार सेकंद सुतारपक्ष्यासारखी टकटक, सव्वीस सेकंद शांतता, असं साधारण सदतीस मिनिटं. कानात बोळे होते. पहिले काही दिवस भुवईवर चांगलंच टोचायचं, संध्याकाळी डोकं दुखायचं. आठवड्याचे पाच दिवस हे स्कूटरवर न्यायचे, आणायचे. तीन आठवडे काहीच फरक नव्हता. मी सोडून द्यायच्या बेतात होते, यांनी सोडू दिलं नाही.

पाचव्या आठवड्यात एका पहाटे पाणी आलं. मी उठले, पाइप लावला, दोन्ही ड्रम भरले, कळशी घासून भरली. मागे वळले तर हे दारात उभे. काही बोलले नाहीत, चहा टाकायला गेले.

हा उपचार सगळ्यांना लागू पडतोच असं नाही. माझीही एक गोळी अजून चालू आहे. पण गोळ्यांनी गुण येत नसेल, तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारा, शब्दाला भिऊन थांबू नका. आणि कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं.