आधी देणे, मग देणगी

२००३ साली आम्ही बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे पुष्कळ गाळे. आमच्या चाळीतले एक मामा अशाच एका गाळ्यात बफिंगवर होते. प्रेसमधून निघालेली काळपट वाटी फिरत्या चाकावर धरून आरशासारखी करायची, हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी येत तेव्हा डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळे अंग काळे. त्यांनीच शेठकडे शब्द टाकला, "आमचा पोरगा शिकलेला आहे, हिशेबाला ठेवा." आम्ही कारकून झालो.

पहिल्याच महिन्यात शेठनी हजेरीपट पुढे टाकला. गाळ्यात माणसे २७, पटावर लिहायची १९. कारण साधे होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा आणि त्याची अट २० कामगारांची. विसावे नाव लिहिले की कामगाराच्या पगारातले १२ टक्के कापायचे, मालकाने आपले तेवढेच घालायचे आणि भरायचे. एकोणीसवर थांबले की काहीच नाही. उरलेल्या आठांत मामांचे नाव होते. आम्ही ते लिहिले नाही. नोकरी नवी होती, घरी बहीण लग्नाची होती. कारणे होती, पण पेन आमच्याच हातात होते.

एकदा धीर करून विचारले. शेठ रागावले नाहीत. म्हणाले, "बाजूचा गाळेवाला भरत नाही. मी भरला तर माझं भांडं महाग पडतं, ऑर्डर त्याच्याकडे जाते. मग सगळ्यांना घरी पाठवू का?" आम्हाला उत्तर सुचले नाही. शेठ तसे वाईट माणूस नव्हते. १४ एप्रिलला आमच्या मंडळाला दरवर्षी वह्या देत. आम्हीच त्यांना स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला आहे. वह्यांच्या त्या रांगेत मामांचा नातूही उभा असे.

शेठच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुढे बाबासाहेबांच्या कामात सापडले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. ते विधेयक त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. एखाद्या दयाळू मालकाने एकट्याने तास कमी केले असते तर तो बाजारात मागे पडला असता. कायद्याने सर्वांचेच तास कमी केले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी बजावले आहे की, सरकारने हात काढून घेतला तर उरते ते मालकाला तास वाढवण्याचे आणि मजुरी कापण्याचे स्वातंत्र्य. म्हणजे मालकाला चांगले वागायचे असले तरी त्यालासुद्धा सरकार लागते.

पण सरकार म्हणजे नुसता कायदा नव्हे. आमच्याकडे तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर पाहिले, चहा घेतला आणि गेले. गाळ्यातली डोकी त्यांनी मोजली नाहीत.

२०१४ साली मामांना दम लागू लागला आणि काम सुटले. त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. आमच्या डोळ्यांदेखत त्यांची ११ वर्षे झाली, म्हणजे १३२ महिने. पगार सरासरी ५,००० धरला तर १२ टक्के म्हणजे ६०० रुपये. त्यांचे स्वतःचे ७९,२०० आणि मालकाचेही तेवढेच, व्याज वेगळे. मालकाच्या हिश्शातला मोठा भाग १९९५ च्या पेन्शन योजनेत जातो. १० वर्षे भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते. मामांची वर्षे भरली होती, पण कागदावर शून्य. त्याच वर्षी सप्टेंबरपासून किमान पेन्शन १,००० रुपये झाली. रक्कम फार नाही. पण मामींच्या हातात महिन्याची औषधे आली असती.

शेठनी निरोप देताना मामांना ५,००० रुपयांचे पाकीट दिले. मामांनी हात जोडले. ते आठवले की आम्हाला आजही मान खाली घालावीशी वाटते. ज्याचे देणे बुडाले तो देणगीबद्दल आभार मानत होता आणि हे त्या खोलीत फक्त शेठना आणि आम्हाला ठाऊक होते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. आमच्या गाळ्यांना ते लागू नाही. पण त्याच्या नियमांत एक शिकण्याजोगी गोष्ट आहे: केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. कामगाराला जे द्यायचे ते समाजकार्य नव्हेच. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली, त्यांत शक्ती पाहून काम देणे, वेतन देणे आणि आजारात काळजी घेणे ही आहेत. वह्यावाटप त्यानंतर.

आम्ही ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे कारकुनी करतो आणि रविवारी तासभर विहारात बसून कामगारांची पी.एफ. पासबुके मोबाईलवर काढून देतो. पगारातून पैसे कापले पण पासबुकात नाहीत, असेही आढळते. मग तक्रारीचा अर्ज लिहून देतो. मंडळाच्या बैठकीत आम्ही मांडले की, यापुढे देणगी घेण्याआधी पटावर किती नावे आहेत ते विचारायचे. काही बांधव रागावले. वर्गणी घटेल म्हणाले, आणि घटलीही. त्या वर्षीच्या वह्या पातळ होत्या, पण आपल्या घामाच्या होत्या.

बांधवांनो, भगिनींनो, पगाराची पावती मागा. आपला यूएएन क्रमांक घरातल्या शिकत्या मुलाला द्या आणि दर महिन्याला पासबुक वाचून घ्या. आपल्या समाजातही आता ठेकेदार, गाळेवाले झाले आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. त्यांना एवढीच विनंती की, जयंतीच्या फलकावर आपले नाव येण्याआधी हजेरीपटावर कामगाराचे नाव यावे. आणि जे आमच्यासारखे पट लिहायला बसतात, त्यांनी विसावे नाव लिहावे.

जयभीम.