धनुष्याचे दोन तुकडे

रामाने शिवधनुष्य मोडलं, तेव्हा त्याला सीता मिळाली. मी माझं धनुष्य करवतीने मधोमध कापलं, तेव्हा सौ. म्हणाली, "भुसा झाडून घे." असो. कलियुग, दुसरं काय!

पण मंडळी, हे काम रागाच्या भरात केलेलं नाही. त्यामागे महिनाभराचा विचार आहे आणि एक पोलादी नळी आहे.

इथे मिशिगनमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. निवृत्त टूल अँड डाय मेकर. सगळं आयुष्य लोखंडाची मापं घेण्यात गेलेलं. त्यांच्या अंगणातलं हिकरीचं झाड वादळात पडलं, तेव्हा त्यातली एक उभी फाळ त्यांनी मला दिली. ती वाळवून, तासून, त्यांच्याच गॅरेजमध्ये दोन हिवाळ्यांच्या शनिवार-रविवारी मी धनुष्य बनवलं. लांबी ६८ इंच. २८ इंच खेचलं की ४५ पौंड. कोड तर रोजच लिहितो, पण स्वतःच्या हातांनी केलेली, धक्का दिला तर टेबलावरून खाली पडेल अशी माझी ही एकमेव निर्मिती.

आता आम्ही कायमचे पुण्याला परत चाललोय. विमानात सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंचांच्या आत लागते, नाहीतर वेगळे पैसे आणि वर काउंटरवर हुज्जत. ६८ इंचांचं धनुष्य एकट्या लांबीतच नापास! आजोबा म्हणाले, "राहू दे इथेच. माझ्या भिंतीवर टांगतो." मनापासून म्हणाले. पण भिंतीवर टांगलेलं धनुष्य म्हणजे शोकेसमधली बाहुली. मला ते ओढायचं होतं.

मग शोध लागला टेकडाउन स्लीव्हचा. कल्पना साधी आहे. पोलादाच्या दोन किंचित निमुळत्या नळ्या, एकात दुसरी बसणारी. धनुष्य मुठीपाशी कापायचं, एका तुकड्याचं टोक एका नळीत चिकटवायचं, दुसऱ्याचं दुसरीत. हवं तेव्हा जोडा, हवं तेव्हा वेगळं करा. कल्पनाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली मंडळी घोडागाडीतून नेता यावं म्हणून मधोमध धातूचा जोड असलेली धनुष्यं बाळगत. आपल्याकडच्या जुन्या पोलादी धनुष्यांपैकी काही तर मुठीपाशी चक्क आट्यांनी उघडत.

तरीही करवत हातात घेतल्यावर पोटात गोळा येतोच. कारण लाकडी धनुष्याचा सगळा जीव त्याच्या उभ्या धाग्यांत असतो. बनवताना जपायचं काय, तर पाठीवरचा एकही धागा तुटता कामा नये. आणि आता सगळेच एकदम कापायचे! बरं, कापायचं कुठे, तर जिथे वाकवणारा जोर सगळ्यात जास्त असतो तिथे. ओढताना बोटांना जेमतेम वीस किलो जाणवतात, पण पात्यांची तरफ एवढी लांब की मुठीतल्या त्या आखूड नळीच्या काठावर शंभर किलोंच्या वर दाब येतो. लाकूड आत जरा जरी हललं, तर तो सगळा दाब एकाच कडेवर येणार आणि लाकूड तिथून चिरणार. म्हणूनच ज्या धनुष्याची मूठही वाकते, त्याच्यासाठी हा प्रकार नाही. माझी मूठ जाड आणि ताठ होती, ही त्यातली जमेची बाजू.

आमच्या धंद्यात शिकवतात की दोन भागांमधला जोड सैल ठेवा, लूज कपलिंग. इथे नेमकं उलट. जोड सहज सुटला पाहिजे, पण बसला की केसभरही हलता कामा नये. आणि हे काम गोंदाने होत नाही, कानशीने होतं.

कापण्याआधी पाठीवर पेन्सिलने मध्यरेषा मारली, म्हणजे नंतर दोन तुकड्यांची ओळख पटेल. बारीक दातांची करवत, दहा मिनिटं, संपलं. आजोबा शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मग खरं काम. डाय मेकर लोक धातूचे दोन भाग जुळवताना एकाला निळा रंग लावतात आणि दुसऱ्यावर तो कुठे उमटतो ते बघून तेवढंच घासतात. तो रंग तेलकट असतो आणि तेलावर इपॉक्सी धरत नाही, म्हणून आम्ही मेणबत्तीची काजळी वापरली. नळीच्या आत काजळी, लाकूड दाबून बसवायचं, बाहेर काढायचं, काळे डाग दिसतील तेवढेच कानशीने घासायचे, पुन्हा बसवायचं. एका टोकाला एक अख्खा रविवार गेला. शेवटी सगळीकडे सारखा करडा रंग उमटला, तेव्हा आजोबांनी फक्त मान हलवली. त्यांच्याकडून हे म्हणजे भारतरत्नच.

मग नळ्यांची आतली बाजू जाड पॉलिश पेपरने खरवडली, ॲसिटोनने पुसली आणि सावकाश धरणारं इपॉक्सी लावलं. दोन नळ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे मेण. हे विसरलात तर घरातल्या स्टीलच्या पेल्यांसारखं होईल, एकात एक अडकले की आई गरम-गार पाणी करत बसते.

पहिलं टोक एक दिवस वाळू दिलं. दुसरं चिकटवताना मात्र धनुष्य पूर्ण जोडून ठेवलं आणि एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत सुतळी ताणली. ती मुठीच्या बरोबर मधून जायला हवी. जोड बाजूला एक अंश जरी कलला, तरी पात्याचं टोक अर्ध्या इंचाहून जास्त सरकतं, आणि इपॉक्सी धरल्यावर देवही काही करू शकत नाही. अर्धा तास आम्ही दोघं एक डोळा मिटून त्या सुतळीकडे बघत होतो. आजोबांची नजर अजूनही कॅलिपरसारखी आहे.

चार दिवसांनी हळूहळू ओढून पाहिलं. आधी दहा इंच, मग पंधरा, मग वीस. कुठे करकर नाही. २८ इंचांवर वजनकाटा पुन्हा ४५ पौंडांपाशी. त्या संध्याकाळी शंभरेक बाण सोडले. मूठ थोडी जड झालीय, पण ते वजन हातात असतं, पात्यांच्या टोकांवर नाही, त्यामुळे बाणाचा वेग कमी होत नाही. उलट हात जास्त स्थिर राहतो.

एक काळजी उरते, ती पुण्याच्या पावसाळ्याची. हिकरी हवेतली ओल पटकन पिते आणि मग धनुष्य सुस्तावतं. कापलेल्या टोकांतून तर ओल फार लवकर शिरते, म्हणून तीही इपॉक्सीने बंद केलीत. तरी जून ते सप्टेंबर ते कपाटातच राहील. एवढी सुट्टी त्यालाही हवीच.

आता दोन्ही तुकडे जुन्या धोतरात गुंडाळून खोक्यात गेलेत. लांबी, रुंदी, उंची मिळून ४७ इंच. काल खोक्याला टेप लावण्याआधी आजोबा आले, जोड एकदा बसवला, एकदा सोडवला, परत बसवला. म्हणाले, "भिंतीवर मला काय, मासेही टांगता येतील." मग हळूच विचारलं, "तिकडे बाण मारायला मोकळी जागा आहे ना?"

आहे म्हटलं. आता शोधायला लागणार.