थांब, मोती... आता घे!

आजींना कुत्र्याचा मुळीच तिटकारा नव्हता. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट त्यांनी नातीला कितीदा तरी सांगितली होती. पण त्या दिवशी मोतीने नातीच्याच हातावर दात उमटवले आणि आजींच्या तोंडून निघाले, ‘‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. द्या त्याला कुणाला तरी!’’

मुलाच्या नोकरीमुळे हे कुटुंब साताऱ्याहून पानिपतला आले होते. नवा गाव, नवी भाषा. सोबत हवी म्हणून मुलाने एक पिल्लू आणले. वर्षभरात ते चांगले दांडगे झाले. अंगणात मोतीचा वावर असल्यामुळे रात्री निर्धास्त झोप लागे. फक्त जेवणाच्या वेळी त्याचे रूप पालटे. थाळी खाली टेकायच्या आत तो झडप घाली आणि खाताना कुणी जवळून गेले की गुरगुरे.

सहा वर्षांची नात त्याच्या थाळीपाशी पडलेला चेंडू उचलायला वाकली आणि दात लागले. जखम किरकोळ होती. तरीही सूनबाईंनी पंधरा मिनिटे वाहत्या नळाखाली साबणाने हात धुतला आणि तडक डॉक्टरांकडे नेऊन लस सुरू केली. मोतीला लस दिलेली होती, पण अशा बाबतीत हयगय करायची नसते.

रात्री मोतीला ठेवायचे की नाही, यावर घरात खल झाला. सूनबाईंचे म्हणणे स्पष्ट होते, ‘‘मुलीपेक्षा कुत्रं मोठं नाही.’’ त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी असे ठरले की मोतीला आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचे आणि संक्रांतीपर्यंत वाट पाहायची. तोपर्यंत सुधारणा झाली नाही, तर त्याच्यासाठी दुसरे घर शोधायचे. हाताशी जेमतेम तीन महिने होते.

दातदुखी किंवा पोटाचे दुखणे असले तरी जनावर चिडते, म्हणून डॉक्टरांनी आधी त्याला नीट तपासले. मग विचारले, ‘‘तो गुरगुरला की तुम्ही काय करता?’’

‘‘थाळी काढून घेतो. कधी एखादा फटकाही देतो,’’ मुलगा म्हणाला.

‘‘तिथंच चुकतं. माणूस जवळ आला की अन्न जातं, हेच तो शिकला. आणि गुरगुरणं ही सूचना असते. मारून ती बंद केलीत, तर उद्या तो सूचना न देताच चावेल.’’

डॉक्टरांनी दुसरी चूकही दाखवली. सूनबाई मोतीला ‘बस’ म्हणत, कामवाली ‘बैठ’ म्हणे आणि मुलगा ‘सिट’. त्या मुक्या जीवाने ऐकावे तरी कुणाचे? मग घरात ठराव झाला. ‘बस’, ‘थांब’, ‘घे’ आणि ‘सोड’ हे चारच शब्द सर्वांनी वापरायचे. नातीने ते कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. मात्र तिने थाळीच्या जवळ जायचे नाही, अशी तिला सक्त ताकीद होती.

शिकवण्याचे काम सूनबाईंनीच अंगावर घेतले. सकाळ-संध्याकाळ जेवणाची वेळ ठरली. थाळी हातात घेऊन त्या म्हणत, ‘‘बस.’’ मोती बसला की थाळी हळूहळू खाली येई. तो उठला की काही न बोलता ती वर जाई. पहिल्या दिवशी ती दहा-बारा वेळा वर-खाली झाली. चौथ्या दिवसापर्यंत मोतीला उमगले, की उठल्याने जेवण लांबते आणि बसल्याने जवळ येते.

मग ‘थांब’ सुरू झाले. आधी एक क्षण, मग दोन, मग पाच. ‘घे’ म्हटल्याशिवाय तोंड लावायचे नाही आणि ‘घे’ म्हटल्यावर पुन्हा थाळीला हात लावायचा नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला गेला. ‘सोड’ शिकवताना तोंडातली वस्तू हिसकावली नाही, त्याबदली दुसरी चांगली वस्तू दिली.

खरी परीक्षा गुरगुरण्याची होती. मोती खात असताना सूनबाई चार-पाच हात अंतरावरून जात आणि जाता जाता पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकत. त्याचे अंग ताठरले की दुसऱ्या दिवशी आणखी लांबून जात. दिवाळी झाली, थंडी पडू लागली तसे हे अंतर इंचाइंचाने कमी झाले. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येणार याची खूण पटली की अन्न दिसण्याआधीच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनीच दाखवून दिले. इथे माणसाची पावलेच खाऊची खूण ठरली. एक दिवस सूनबाईंची चाहूल लागताच मोतीने थाळीतून मान वर केली आणि शेपटी हलवली. त्या दिवशी सूनबाईंचे डोळे भरून आले.

आजीही हळूहळू यात ओढल्या गेल्या. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कुत्र्याला द्यायची नाहीत, हे समजल्यावर उरलेसुरले त्याच्यापुढे टाकणाऱ्या कामवालीला त्याच अडवू लागल्या.

संक्रांत आली. 14 जानेवारीला सगळे काला अंबला गेले, मोतीलाही नेले. पानिपत शहरापासून हे ठिकाण जवळच आहे. इथे एक आंब्याचे झाड होते, म्हणून हे नाव पडले. ते झाड आता नाही, त्या जागी स्मारकाचा स्तंभ आहे. धुके विरळ होत होते. महाराष्ट्रातून आलेली माणसे स्तंभापुढे हात जोडत होती.

आवाराबाहेर सतरंजी अंथरली. मुलगा लेकीला 1761 ची हकिगत सांगू लागला. अब्दालीने रसद तोडली होती. दोन-अडीच महिने मराठ्यांची छावणी इथे अडकून पडली. सैन्याबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते. धान्य संपले. शेवटी सरदार भाऊसाहेबांना म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू.

‘‘मग ते थांबले का नाहीत, बाबा?’’

‘‘थांबले होते ना. पण पुढं जेवण मिळेल, ही आशाच उरली नाही. मग माणूस किती थांबणार?’’

सूनबाईंनी मोतीकडे पाहिले. तीन महिने त्याला ‘थांब’ शिकवताना त्यांच्या मनात जे घोळत होते, ते नवऱ्याने नेमक्या शब्दांत सांगितले होते. नंतर ‘घे’ येणारच, हा भरवसा असेल तरच ‘थांब’ या शब्दाला अर्थ असतो.

इतक्यात भोगीची उरलेली बाजरीची भाकरी नातीच्या हातून निसटून मोतीच्या पुढ्यातच पडली. क्षणभर कुणाचा श्वास चालेना. सूनबाईंनी लेकीला मागे ओढले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘थांब.’’

मोती थांबला. भाकरीकडे पाहिले, मग सूनबाईंकडे. शेपूट मात्र गवतावर आपटत होते.

आजी उठल्या. डबा उघडून भाकरीला तुपाचे बोट लावले आणि म्हणाल्या, ‘‘कोरडी नको खाऊस रे. घे.’’

घरी परतताना मोतीसाठी दुसरे घर शोधण्याचा विषय कुणीच काढला नाही.