मोजपट्टीच ताणली गेली तर?

दरवर्षी २० मे रोजी जागतिक मापनशास्त्र दिन येतो आणि २०१९ साली याच दिवशी बदललेल्या किलोग्रॅमच्या व्याख्येची आठवण निघते. त्या दिवशी व्होल्टही बदलला होता, सुमारे एक कोटीत एका भागाने. त्याची बातमी फारशी झाली नाही. मला मात्र त्या व्होल्टविषयीच लिहावेसे वाटते. कारण येथे म्हैसूरमध्ये माझे रोजचे मोजमाप तांदळाच्या दाण्याएवढ्या एका चिपवर विसंबून असते. तिला ‘व्होल्टेज रेफरन्स’ म्हणतात.

तिचे काम एकच: पुरवठा खालीवर होवो, हवा तापो वा निवो, ठरलेले २.५ व्होल्ट ढळू न देणे. अंकीय रूपांतरक संवेदकाचे व्होल्टेज या २.५ व्होल्टशी केवळ ताडून पाहतो. मोजपट्टी ताणली गेली की कापड आखूड भरते, तसेच येथे.

हे स्थैर्य येते कोठून? ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. वेगवेगळ्या प्रवाहघनतेच्या दोन ट्रान्झिस्टरांतील या व्होल्टेजचा फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. तो योग्य पटीने वाढवून पहिल्यात मिळवला, की चढ-उतार एकमेकांना पुसतात आणि सुमारे १.२५ व्होल्ट उरतात. १९७०च्या सुमारास बॉब विड्लर यांनी ही युक्ती चिपवर उतरवली.

तरीही थोडा ढळ उरतोच. समजा, तो दर अंशाला दहा लाखांत दहा भाग आहे. दिवस-रात्रीत बारा अंशांचा फरक पडला, तर ३०० मायक्रोव्होल्ट सरकतात; १६ बिटांच्या रूपांतरकाच्या जवळजवळ आठ पायऱ्या! मोजायची राशीच तापमानाबरोबर बदलणारी असेल, तर हा ढळ खऱ्या निष्कर्षाचे सोंग घेतो. गोंगाट सरासरीत विरतो. हा विरत नाही.

विद्यार्थी मित्रहो, यूएसबीचे ५ व्होल्ट हेच प्रमाण मानून चार दशांश स्थळे लिहिण्यात अर्थ नाही. तो पुरवठा पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो. रेफरन्स चिप तापणाऱ्या घटकांपासून दूर बसवा, तिच्याजवळचे तापमानही नोंदवा आणि अधूनमधून प्रमाणित मल्टिमीटरशी ताडा. त्या मल्टिमीटरच्या प्रमाणपत्राचा धागा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील जोसेफसन प्रमाणापर्यंत जातो. तेथे व्होल्ट वारंवारता आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांतून सिद्ध होतो.

म्हणून अहवालात एक ओळ अवश्य असावी: हा व्होल्ट कशाशी ताडला? आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे वाचकाला त्या ओळीवरूनच ठरवता येते.