वेळणेश्वरचे दहा दिवस

वेळणेश्वरला लोक समुद्रात डुंबायला येतात. आम्ही गेलो होतो ते भाच्याचं डोकं उन्हापासून, खाऱ्या पाण्यापासून आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लांब ठेवायला. दोहाहून दोन महिन्यांच्या रजेवर आलेल्या या एकतीस वर्षांच्या मुलाने मुंबईत केशरोपण करून घेतलं. गावी गेला असता तर चहाच्या निमित्ताने सगळा मोहल्ला डोकं बघून गेला असता. म्हणून बहिणीने फर्मान काढलं, "भाईजान, तुम्ही त्याला कुठंतरी घेऊन जा. खपल्या पडल्या की घरी आणा."

चिपळूणहून गुहागरच्या रस्त्याने वेळणेश्वर साठेक किलोमीटर. शृंगारतळीच्या बाजारात केळी, पाव आणि औषधं घेतली. शस्त्रक्रियेचा तो चौथा दिवस होता. सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरलेली, आणि मानेला प्रवासाची उशी, कारण डोक्याची मागची बाजू सीटला घासायची नव्हती. खड्डा आला की तो दोन्ही हात डोक्याजवळ नेई, पण लावत नसे.

गाव सुंदर आहे यात वाद नाही. चंद्रकोरीसारखा किनारा, मागे माडांची दाट रांग, शंकराचं जुनं देऊळ आणि देवळाला येणाऱ्यांसाठी घरगुती खोल्या. आमच्या खोलीचे मालक पहिल्याच संध्याकाळी भाच्याकडे बघून म्हणाले, "माडाखाली बसू नका हो, नारळ पडला तर सगळा खर्च वाया!" त्यांनी नक्की काय ओळखलं होतं कोण जाणे, पण पुढे एकदाही विचारलं नाही. भाकरी आणि माशाचं सालन मात्र वेळेवर येई.

या शस्त्रक्रियेत नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस सहसा गळत नाहीत. तेच मुळासकट काढून पुढे लावतात. जागा बदलली तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी 1959 मध्ये मांडलं. जपानच्या डॉ. ओकुदांनी 1939 मध्येच असं रोपण केलं होतं, भाजलेल्या आणि व्रण असलेल्या जागी. भाच्याचे अडीच हजार ग्राफ्ट लावले. जागा बधिर करून सात तास, मधे जोहरपुरती सुट्टी.

खरी अडचण तारखेची होती. पाच आठवड्यांनी निकाह ठरलेला. क्लिनिकमध्ये पैसे ठरवणाऱ्या माणसाने "शादीपर्यंत हीरो दिसाल" असं सांगितलं होतं. वेळणेश्वरच्या ओसरीवर मी डॉक्टरांनी दिलेला कागद वाचला, तर त्यात स्पष्ट होतं: लावलेले केस दोन ते आठ आठवड्यांत बहुतेक गळतात, मुळं आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवीन केस दिसू लागतात आणि पूर्ण परिणामाला वर्ष लागतं. म्हणजे नवरदेव स्टेजवर बसणार तो आधीपेक्षाही विरळ डोक्याने. पोरगा गप्प झाला. त्या रात्री तीन उश्यांवर टेकून बसल्या बसल्याच झोपला.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. तिला सुरुवातीपासून धास्ती होती की हे अल्लाहने दिलेलं रूप बदलणं तर नाही ना. दुसऱ्याचे केस जोडण्याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे तिला माहीत. मी सांगितलं की हे त्याचे स्वतःचेच केस आहेत; आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2007 मध्ये पुत्रजायाच्या बैठकीत गळलेल्या केसांच्या जागी रोपण जायज म्हटलं आहे. शिवाय बुखारी शरीफमधली बनी इस्राईलच्या तिघांची हदीस: टकल्याने फरिश्त्याकडे केसच मागितले आणि मिळालेही. बहीण लगेच म्हणाली, "आणि पुढे गरिबाला हाकलून दिलं, तेही सांगा त्याला." यावर मी काय बोलणार?

नमाजचा प्रश्न आमच्या इमामसाहेबांनी फोनवर सोडवला. वाकल्याने सूज वाढते, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस बसून, इशाऱ्याने सजदा. मसाहचं तर आपण कोकणी शाफईंना सोपंच. डोक्याच्या थोड्याशा भागावर ओला हात फिरला तरी पुरतो. कानाच्या वरचा कोपरा मोकळा होता, तिथे झालं. हनफी घरांत चौथा भाग लागतो, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

बाकी दिवसभर काम एकच, सलाईनचा फवारा. ऊन उतरलं की सैल टोपी घालून किनाऱ्यावर फेरी. पोरं लाटांत उड्या मारत आणि हा काठावर चपला हातात घेऊन उभा. समुद्रस्नान महिनाभर बंद.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला होता. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या, की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी. स्वस्तातलं पॅकेज बघण्याआधी सुई कोणाच्या हातात असणार, ते विचारा.

सातव्या संध्याकाळी मगरीबनंतर भाचा म्हणाला, "मामू, त्यांना सांगून टाकतो." बहिणीचं मत होतं, लपवावं. मला ते पटत नव्हतं. निकाहआधी अशी गोष्ट झाकली की पुढे आयुष्यभर झाकतच बसावं लागतं. त्याने होणाऱ्या सासऱ्यांना फोन लावला, केस गळणार हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "मुलीला विचारून सांगतो." अर्धा तास आम्ही दोघं समुद्राकडे बघत बसलो. फोन आला तो मुलीच्या भावाचा. "बाजी हसतेय," तो म्हणाला. "आणि भाईजान, ग्राफ्टमागे किती घेतात?"

दहाव्या दिवशी कोमट पाण्याने शेवटच्या खपल्या निघाल्या. परतताना वाकडी वाट करून धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो. आदिलशाही काळातली शाही मशीद पाहिली. असर जमातीने पढली. दहा दिवसांनी पहिल्यांदा त्याचं कपाळ जमिनीला टेकलं, आणि मी सलाम फेरला तरी तो सजद्यातच होता.