सुटे की एकत्र?

गेल्या वर्षी आमच्या घरात दोन महिने एकच वाद चालला होता. धाकट्याच्या बँजोसाठी इफेक्टची सुटी पेडल्स घ्यावीत, की सगळे इफेक्ट एकाच खोक्यात असलेले मल्टी घ्यावे? ज्या घरात कांद्याचा भाव, म्हशीचे दूध आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडे सहसा बोलणे जात नाही, त्या घरात हा विषय रोज दस्तरखानावर येऊ लागला. अब्बा ऐकत आणि गप्प जेवत. अम्मी म्हणे, "इतनी बहस तो तुम्हारी शादी के वक्त नहीं हुई."

आधी बँजोविषयी सांगायला हवे. आमच्याकडे ज्याला बँजो म्हणतात, तो अमेरिकेतला गोल, कातडे ताणलेला बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. खाली तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. तेच वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाले. कव्वालीच्या मैफलीत हार्मोनियमशेजारी त्याला जागा मिळाली. पुढे त्याला पिकअप बसला, वीज मिळाली, आणि मिरवणुकीतल्या पार्ट्या त्याच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

या वाद्याची एक अडचण आहे. तारेचा आवाज लवकर मरतो. हार्मोनियमचा भाता हलतो तोवर सूर टिकतो; बँजोचा सूर नखी उठताच विरू लागतो. म्हणून वाजवणारा एकाच सुरावर भराभर नखी मारत राहतो, किंवा मग यंत्राची मदत घेतो. आवाज मागून पुन्हा पुन्हा ऐकू यावा म्हणून डिले, मोठ्या दालनात वाजवल्यासारखा वाटावा म्हणून रिव्हर्ब, एका तारेच्या अनेक तारा वाटाव्यात म्हणून कोरस, आणि फाटका, चढा आवाज हवा असेल तर डिस्टॉर्शन.

ही यंत्रे खरे तर गिटारसाठी निघाली. १९६२ साली अमेरिकेत मॅस्ट्रो कंपनीने फझ-टोन नावाचे आवाज फाडणारे पेडल बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते जगाने ऐकले. १९७७ पासून जपानच्या बॉस कंपनीची तळहाताएवढी पेडल्स येऊ लागली. एका डबीचे एक काम. १९८३ साली त्याच आकारात डिजिटल डिले आला. आवाजाचे आकडे करून साठवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा त्यांचा आवाज करायचा, ही ती युक्ती. एकदा आवाजाचे आकडे झाले, की त्यांच्यावर कोणतेही गणित करता येते. त्यामुळे एकाच खोक्यात पाच-दहा कामे बसवणे सोपे झाले. बॉसनेच १९८८ साली असे मल्टी काढले, आणि नव्वदीच्या दशकात झूम कंपनीच्या ५०५ ने ते सामान्य वादकाच्या खिशात आणले.

आता आमचा सवाल. आम्ही दोघे भाऊ. थोरला उर्दू शाळेत शिकवतो, धाकटा बँजो वाजवतो. अब्बांचा जनावरांचा व्यापार. घोडेगावचा शुक्रवारचा बाजार हेच त्यांचे आयुष्य. रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि बैलांचा व्यवहार त्यांनी सोडला. पावत्या जवळ असूनही वाटेत गाडी अडवली जाण्याची धास्ती या वयात नको, असे ते म्हणाले. म्हशींपुरता धंदा उरला. तेव्हापासून धाकट्याची बँजोची सुपारी ही घरात हौस राहिली नाही, कमाई झाली. नात्यातले काही जण "बाजा घरात ठेवू नका" असे सांगून जात. अब्बा त्यांना चहा पाजत आणि विषय बदलत.

धाकटा कुठे कुठे वाजवतो? संदलला, उर्सात कव्वालाच्या मागे, लग्नाच्या वरातीत, गणपतीत, १४ एप्रिलला. प्रत्येक ठिकाणी वेगळा आवाज लागतो. गणपतीत ट्रॉलीवर वाजवताना शेजारच्या डीजेच्या गोंगाटातून तार वर यावी लागते. भीमगीताला खणखणीत, उघडा आवाज हवा. कव्वालीत तोच आवाज कानाला टोचतो. म्हणजे मल्टी घ्यावे, हे उघडच होते. एक बटण दाबले की गणपती, दुसरे दाबले की उर्स.

पैशाचे गणितही तेच सांगत होते. अब्बांनी एक म्हैस विकून पंधरा हजार बाजूला ठेवले होते. तेवढ्यात नामांकित कंपनीचा एक चांगला डिले कसाबसा बसत होता. मल्टी घेतले तर सहा-सात हजार उरत होते. शिवाय सुट्या पेडल्सना मधल्या तारा, प्रत्येकाला वीज, ती ठेवायला फळी. त्यातली एक जरी तार सैल झाली तरी सगळी साखळी मुकी.

सुट्याच्या बाजूने बोलणारे आम्ही, म्हणजे थोरला. आमचे म्हणणे मास्तरी होते. एक पेडल बिघडले तर ते काढून बाकीचे चालवता येते. ते नगरच्या रेडिओवाल्याकडे उघडता येते; खोके बिघडले तर सगळेच गेले. विकायचे झाले तर एकेक विकता येते. आणि एकेक घेतले तर एकेक शिकले जाते. धाकटा हसला. "भाई, तुम्ही एकाच वर्गात इतिहास, भूगोल आणि मराठी शिकवता. शाळेने तुमच्यासारखं मल्टी ठेवलंय ना? मग मला का नको?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मल्टी घेतले.

पहिले सहा महिने सुखाचे गेले. खोक्यात शंभर आवाज होते. धाकटा रात्री कानाला हेडफोन लावून एकेक ऐके आणि आम्हालाही ऐकवी. डिले आणि रिव्हर्ब यांतला फरक आम्हाला त्या खोक्यानेच शिकवला. गणपतीत त्याचा आवाज ट्रॉलीमागच्या गर्दीपर्यंत पोहोचला आणि पुढच्या दोन सुपाऱ्या तिथेच ठरल्या.

मग नेवासे तालुक्यातल्याच एका गावातला उर्स आला. कव्वाल बाहेरगावचा, नावाचा. थोरला त्या रात्री सोबत होता. वीज जनरेटरची. दुसरी कव्वाली रंगात आली आणि दिवे एकदा मंद होऊन पुन्हा लागले. माइक लगेच पूर्ववत झाला, खोके झाले नाही. त्याच्या पट्टीवर एकच आकडा अडकला आणि बँजो मुका झाला. धाकट्याने बटणे दाबली, अडॅप्टर काढून लावला. कव्वालाने एकदा मागे वळून पाहिले. शेवटी त्याने जॅक उपटून सरळ मिक्सरमध्ये घातली.

आवाज आला, पण कोरडा. आम्ही पुढे बसून ऐकत होतो. इतकी वर्षे आम्ही धाकट्याचा बँजो ऐकत आलो. त्याची नखी अशी एक सुटी, एक दाबून पडते हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. दोन सुरांमध्ये फट पडत होती. आजवर ती फट यंत्र भरून काढत होते. ढोलकवाला भला माणूस, त्याने भरणा वाढवला. हार्मोनियमने बँजोच्या जागा घेतल्या. धाकटा शेवटपर्यंत वाजवत राहिला, पण हळू. बिदागी पूर्ण मिळाली. पुढच्या उर्साला मात्र त्या कमिटीने दुसरा बँजोवाला सांगितला.

येताना गाडीत कोणी बोलले नाही. शिंगणापूरचा फाटा आला तेव्हा तो म्हणाला, "भाई, खोका बंद पडला म्हणून नाही वाईट वाटत. मला माझा हात माहीत नव्हता."

खोके दुरुस्तीला पाठवले ते सात आठवड्यांनी परत आले. ते सात आठवडे त्याने घरी यंत्राशिवाय वाजवले. इशाच्या नमाजनंतर ओसरीवर बसायचे आणि एकच पलटा शंभर वेळा. तो ऐकवत नसे. शेजारचे विचारीत, "बिघडला का बँजो?" अब्बा खाटेवर पडून ऐकत.

त्यानंतर उरलेल्या पैशांतून आम्ही पुण्याहून एकच सुटे पेडल आणले, जुने, डिलेचे. ते का, तर कव्वालीची बैठक जमिनीवर असते. वादक मांडी घालून बसतो; पायाने दाबायचे यंत्र पायाखाली येतच नाही आणि वाजवताना दोन्ही हात गुंतलेले. पण कव्वाल मध्येच ठेका थांबवून शेर पढतो तेव्हा बँजोवाल्याचा हात मोकळा होतो. डाव्या गुडघ्याजवळ पेडल असेल तर तेवढ्या वेळात एक खुंटी फिरवता येते. खोक्यात त्याच कामासाठी तीन बटणे दाबून आत शिरावे लागे. दुसरे असे, की कव्वालीची लय चढत जाते. मागून येणारा आवाज लांबचा लावला तर लय चढल्यावर तो ढोलकच्या ठेक्यात अडखळतो. म्हणून धाकटा तो अगदी जवळचा ठेवतो, एकदा-दोनदा उमटून मिटणारा. पूर्वी तो चार-पाच वेळा उमटे. आता तितका लागत नाही.

मल्टी आम्ही विकले नाही. ट्रॉलीवर बँजो स्टँडवर असतो, वादक उभा असतो, पाय मोकळे असतात आणि गाण्यागणिक आवाज बदलावा लागतो. तिथे त्याच्यासारखे दुसरे काही नाही. मैफलीला मात्र ते घरी राहते.

आता गावातली पोरे धाकट्याला विचारतात, "सुटे घ्यावे का मल्टी?" तो आधी त्यांना कोरडे वाजवायला लावतो. मग विचारतो, तुझ्या आवाजात कमी काय आहे ते एका शब्दात सांग. सूर टिकत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला डिले. आवाज गर्दीत हरवतो, असे सांगितले तर वेगळे काही. ज्याला सांगता येत नाही, त्याला तो म्हणतो, "जमलं तर कोणाचं तरी मल्टी महिनाभर मागून आण आणि ऐक. विकत घेऊ नकोस." आमच्या मते हे उत्तर बरोबर आहे. खोके घेतले नसते तर आम्हाला आवाजांची नावे कळली नसती; ते बंद पडले नसते तर त्यांतला आपला कोणता हे कळले नसते.

त्या गावाचे बोलावणे अजून आलेले नाही. दुसऱ्या एका उर्साचे आले आहे. सध्या ओसरीवर तयारी चालू आहे, पेडल अजून पेटीतच आहे. काल रात्री एक पलटा संपवून धाकट्याने नखी खाली ठेवली, तर खाटेवरून अब्बांचा आवाज आला, "आखरी वाला फिर से बजा. बीच में एक सुर दब गया." धाकट्याने नखी पुन्हा उचलली.