यादीत नसलेले दोघे

जबलपूरला क्वार्टर ताब्यात घेतलं तेव्हा एम.ई.एस.ची यादी हातात होती. पंखे सहा, गीझर दोन, लोखंडी कपाट एक. सगळं मोजून सही केली. व्हरांड्यात एक तपकिरी कुत्रा झोपला होता. तो यादीत नव्हता.

"साब, ये तो यहीं का है," माळी म्हणाला.

आधीच्या साहेबांकडे तो शेरू होता. मी बंड्या म्हणू लागलो. त्याची हरकत नव्हती. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "खंडोबाचं जनावर आहे, हाकलू नकोस." हाकलायचा प्रश्नच नव्हता. मुलीची दहावी म्हणून बायको आणि ती पुण्यात. इथे चार खोल्यांत मी एकटा.

फौजेत कुत्रा म्हटलं की कामाचा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. मेरठच्या आर.व्ही.सी. सेंटरमध्ये तयार झालेला, स्फोटकं हुंगणारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही मागे न हटलेला आणि १३ तारखेला श्रीनगरला प्राण सोडलेला 'झूम' अनेकांना आठवत असेल. बंड्या त्यातला नव्हे. खमरियाच्या रेंजवर तोफांची चाचणी सुरू झाली की लांबून दणके ऐकू येतात. बंड्या एक कान हलवतो आणि कूस बदलतो. एवढीच त्याची ड्यूटी.

गणवेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल होता येतं. पुढे कर्नलसाठी मात्र निवड मंडळ असतं आणि तिथून जागा कमी होत जातात. माझ्या बॅचचा निकाल आला. यादीत माझं नाव नव्हतं.

फोन सुरू झाले. कोर्समेट म्हणाले, "अजून रिव्ह्यू आहे." शेजारच्या मॅडम सदर बाजारातून खोव्याची जिलबी घेऊन आल्या आणि ती कशाबद्दल हे न सांगताच परत गेल्या. बायको फार जपून बोलत होती. त्या जपण्याचाच जास्त त्रास झाला. मी प्रत्येकाला "अरे, ठीक आहे, चालायचंच" म्हणत होतो. चेहरा पडू द्यायचा नाही, हे खडकवासल्याच्या तीन वर्षांत अंगात मुरतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं सांत्वन मीच करत होतो.

रात्री व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. बंड्या उठला, आळस दिला आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकवून झोपला. रोज झोपतो तसाच. त्याला काही कळलं होतं, असं मी म्हणणार नाही. कळलं नव्हतं, हेच बरं होतं. त्याच्यासमोर ठीक असण्याची गरज नव्हती. बऱ्याच वेळाने मी डोळे पुसले. हनुवटी जागची हलली नाही.

पुढे महिन्याभराने आमच्या एका सुभेदार साहेबांचं प्रमोशन हुकलं. पूर्वी मी त्यांना ऑफिसात बोलावून धीराचे चार शब्द ऐकवले असते. या वेळी संध्याकाळी त्यांना ग्वारीघाटावर घेऊन गेलो. नर्मदेची आरती झाली, दिवे पाण्यावर दूर गेले, गर्दी पांगली. आम्ही तासभर बसून होतो. मी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, "अच्छा लगा, साब."

वर्षभरात माझी बदली होईल. क्वार्टरची यादी पुन्हा निघेल. पंखे सहा, गीझर दोन. बंड्या मात्र या वेळी माझ्या सामानाच्या यादीत आहे. मी फील्डला गेलो तर तो पुण्याला राहील. बायकोला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याला विचारलंस का?"

विचारलं. त्याने एक कान हलवला.